काळी एक

दादाची कॅसेट माझ्याकडे कामासाठी आली तेव्हा मी एका कूलरच्या दुकानाची जाहिरात करत होतो. चंद्रपुरात माझा स्टुडिओ आहे. ऑटोवर फिरणाऱ्या भोंग्यांच्या जाहिराती, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी, पुढाऱ्यांची प्रचारगीतं, सगळं इथंच होतं. येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतो, "भाऊ, आवाज दणदणीत पाह्यजे." आवाजाला दणदणीतशिवाय दुसरंही काही असू शकतं हे सांगायचं मी सोडून दिलं आहे.

माझी पुतणी, म्हणजे दादाची मुलगी, नागपूरला नोकरी करते. ती आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, बाबाची कॅसेट साफ करून द्या ना. मी ते गाणे मोबाइलवर टाकून राह्यली. लोक मागतात." मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, "बघतो नाई, करतो म्हणा." मग मी करतो म्हणालो. तेव्हा मला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. काम आलं, एवढंच.

दादा माजरीच्या कोळसाखाणीत फिटर होता. तिथल्या एका साहेबाकडे परदेशी रॉकच्या कॅसेटी होत्या. दादानं त्या एकेक करून मागून आणल्या, ऐकल्या आणि बिघडला. जुनी गिटार मिळवली, तिला वीज जोडली, नाटकाच्या ऑर्केस्ट्रातले तीन जण फितवले आणि आमच्याच बोलीत आठ गाणी बांधली. एक कोळशाच्या धुळीचं, एक मोहाखाली बसलेल्या अस्वलाचं, एक तेंदूपानाच्या हंगामाचं. एका गाण्यात सूरजागडच्या डोंगराला कुणीतरी हाक मारतं आणि डोंगर खरंच चालत खाली येतो. ते गाणं आता खरं झालं आहे. तिथं लोहखाण झाली, डोंगर रोज ट्रकमध्ये बसून खाली येतो.

ही गाणी कुरखेड्याच्या एका राइस मिलच्या गोदामात रेकॉर्ड झाली. रेकॉर्ड मी केली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, कुरखेड्यात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि पंचक्रोशीत आवाजाचं सगळं मलाच कळतं असा माझा समज होता. मिलचा हंगाम संपला होता. कोंड्याची पोती आम्ही चारी भिंतींना रचली, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. लाइटीचा भरवसा नव्हता म्हणून नाटक कंपनीचा जनरेटर आणला होता. तिसऱ्या गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पेटी आहे, ती वहिनीनं वाजवली. वहिनी म्हणजे दादाची बायको. तिला पेटी येत होती असं नाही. दादा घरी सराव करायचा तेव्हा ती भाता मारायची आणि एकच पट्टी दाबून धरायची, त्याला सूर द्यायला. तेवढंच तिनं तिथंही केलं. कॅसेटच्या कागदावर चार पुरुषांची आणि रेकॉर्डिंगवाल्याची, म्हणजे माझी, नावं छापली. एक पट्टी दाबणाऱ्या बाईचं नाव छापावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

रेकॉर्डिंगनंतर तीन आठवड्यांनी दादाला ताप आला. मेंदूचा मलेरिया होता. गडचिरोलीला नेईपर्यंत शुद्ध गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मुलगी चार महिन्यांची होती. कॅसेट निघायची होती, दादानं ती ऐकलीच नाही. मी तेव्हा रडलो नाही. आईला सांभाळायचं होतं, लाकडं आणायची होती, नागपूरला कॅसेटी काढायला रीळ द्यायचं होतं. नंतर रडू म्हणून ठेवून दिलं आणि ते राहूनच गेलं. आता तीस वर्षं झाली. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. मला तर नुसतीच भूल चढली, शस्त्रक्रिया कधी झालीच नाही.

कॅसेट मात्र चालली. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या जत्रांत, आमच्या मंडईमंडईत वाजली, काळीपिवळी जीपमध्ये वाजली, हळदीच्या मांडवात वाजली. दादाचा आवाज लोकांना पाठ झाला. उंच, पातळ, ताणलेला, दोरीवर चालणाऱ्या पोरीसारखा. नाटकातले गायक तीच गाणी त्याच पट्टीत म्हणायला जायचे आणि वरच्या सुराला निम्म्यांचे गळे बसायचे. लोक म्हणायचे, तसा गळा पुन्हा होणे नाही.

घरात मात्र वहिनी ती कॅसेट ऐकायची नाही. पहिल्यांदा लावली तेव्हा चुलीपुढून उठून आली, अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "हा त्यांचा आवाज नाई. कोणी दुसराच गाते." मग पेटी काढून तिची ती पट्टी दाबून दाखवली. कॅसेटशी जुळत नव्हती. मी म्हणालो, पावसाळी हवेनं पेटी उतरली असेल. आणि मनात म्हणालो, नवरा गेला आहे, हिला कसा का आवाज असेना, दुसऱ्याचाच वाटणार. सगळ्यांनी तेच मानलं. ती पुढं दोनतीनदा म्हणाली, मग म्हणायची थांबली. पेटी कापडात बांधून माळ्यावर गेली.

रीळ माझ्याकडंच ट्रंकेत होतं. उघडलं तर फीत एकमेकीला चिकटलेली. अशी फीत मंद आचेवर वाळवावी लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यात ती गच्चीवर ठेवली असती तरी काम झालं असतं, पण मी ओळखीच्या एका शेतकऱ्याचं आळंबी वाळवायचं विजेचं यंत्र आणलं. फीत वाळली, चालली, सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरली. मग कामाला लागलो.

पहिला आठवडा मी दादाला रोज आठ तास ऐकलं. माझं काय झालं ते सरळ सांगतो: काहीच झालं नाही. त्याचा "स" कानाला टोचत होता, तो मी घासला. दोन ओळींच्या मध्ये तो जोरात श्वास घ्यायचा, तो कमी केला. प्रत्येक गाण्याच्या आधी नुसतीच खरखर आणि खुडबुड होती, ती न ऐकताच कापून बाजूला टाकली. भावाच्या श्वासावर "नको" अशी खूण करताना हात थरथरायला हवा होता म्हणे. माझा थरथरला नाही. दुपारी डबा खाल्ला, वरण अळणी आहे म्हणून बायकोवर फोनवरून चिडलो आणि पुन्हा बसलो.

जुन्या फितीचा वेग बरोबर आहे की नाही हे तपासावं लागतं. वेग चुकला तर सगळं गाणं चढतं किंवा उतरतं. त्याची एक युक्ती आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते आणि तिची बारीक घूं रेकॉर्डिंगमध्ये खाली बसलेली असते. ती घूं मोजायची. पन्नास आली तर वेग बरोबर. मी मोजली, पन्नास आली, काट्यावर पन्नास. मी समाधानानं फाइलवर तसं लिहिलं आणि पुढं सरकलो.

काम संपत आलं तेव्हा पुतणीला कव्हरसाठी फोटो हवा होता. तो आणायला मी गावी गेलो. वहिनी एकटीच राहते, धानाची तीन बांध्यांची शेती स्वतः बघते. फोटो शोधता शोधता मी मोबाइलवर तिसरं गाणं लावलं. साफ झालं होतं, पेटी कशी स्वच्छ वाजत होती. तिला बरं वाटेल असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, कौतुकही हवं होतं.

तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "साफ झालं जी. पण भाऊजी, हा अजून बी दुसराच गाते."

मला राग आला. तीस वर्षं तेच. मी तिला घूं समजावली, पन्नास समजावले, मशीन खोटं बोलत नाही हे समजावलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता स्टुलावर चढून माळ्यावरचं गाठोडं उतरवत होती. पेटी काढली, कापडानं पुसली, भाता मारला. एका काळ्या पट्टीवरचा रंग बोटाच्या आकारात उडून खालचं लाकूड दिसत होतं. ती काळी एक, सप्तकातली पहिली काळी पट्टी. दादा दुसऱ्या कुठल्याच पट्टीत गायचा नाही. तिनं ती दाबली आणि म्हणाली, "लावा आता."

लावलं. पेटीचा सूर खाली आणि गाण्याचा बरोबर अर्ध्या सुरानं वर. दोन्ही एकमेकांशी भांडायला लागले.

"पेटी उतरली असेल," मी म्हणालो. हे मी तीस वर्षांपूर्वीही म्हणालो होतो, तेही आठवलं.

"सगळ्या पट्ट्या सारख्याच कशा उतरतीन?" तिनं बाकीच्या पट्ट्या एकेक दाबून दाखवल्या. आपसात त्या नीट होत्या. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही जनरेटरचा आवाज कमी केला होता ना? बल्ब कसे पिवळे पिवळे जळून राह्यले होते."

मी फोटोचा डबा हातात धरून तसाच बसलो.

केला होता. जनरेटर गोदामाच्या मागेच धडधडत होता आणि तो माइकमध्ये येत होता, म्हणून मी त्याची रेस खाली आणून तार बांधली होती. व्होल्टेज पडू नये म्हणून मशीनला स्टॅबिलायझर लावला, काटा दोनशे वीसवर आहे ना ते बघितलं आणि स्वतःवर खूश झालो. पण स्टॅबिलायझर फक्त व्होल्टेज सांभाळतो. रेस पडली की विजेचे हेलकावेच मंद होतात आणि ते जुनं टेपमशीन हेलकाव्यांवर फिरायचं. फीत दिवसभर हळू फिरली. नागपूरला नीट विजेवर वाजवली तेव्हा ती साहजिकच जोरात पळाली आणि दादाचा आवाज वर चढला. पेटी चढली, गिटारी चढल्या, सगळं एकत्रच चढलं म्हणून कुणाला काही कळलं नाही. आणि ती घूं? तीही त्याच जनरेटरची, त्याच हळू फितीवर बसलेली. मनगटावरचं घड्याळ मागे पडलेलं असावं आणि भिंतीवरचं त्याच्यावरूनच लावलेलं असावं, तसं ते. दोन्ही घड्याळं एकच वेळ सांगतात आणि वेळ चुकलेलीच असते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जिल्हाभराच्या लोकांचे आवाज मी दुरुस्त केले आणि भावाचा मीच बिघडवला होता. जिला एकच पट्टी येत होती तिला हे पहिल्या दिवशी कळलं, आणि मी तिला पावसाळी हवा सांगितली.

"बरोबर होतं तुमचं, वहिनी," मी म्हणालो. ती म्हणाली, "मले मालूम हाये." आणि चहा टाकायला उठली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

पेटी चंद्रपूरला न्यायची ठरली, वेग तिच्याशी जुळवून घ्यायला. मी म्हणालो, जपून नेतो. वहिनी म्हणाली, "पेटी एकटी नाई जात." म्हणून वहिनीही गाडीत बसली, पेटी मांडीवर घेऊन. वाटेत मी रस्ता बघत होतो आणि दादाचा खरा आवाज कसा होता ते आठवायचा प्रयत्न करत होतो. आठवत नव्हता. कॅसेटचाच आठवायचा. तीस वर्षांत कॅसेटनं तो पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्टुडिओत खाली सतरंजीवर बसली, काळी एक धरली आणि मी तिसरं गाणं हळूहळू उतरवत गेलो. अर्धा सूर उतरल्यावर भांडण थांबलं. स्पीकरमधून एक भारी, जरा घोगरा माणूस गात होता. घाई नव्हती त्याला. गाणीही थोडी लांबली होती. वहिनीनं पदर डोक्यावर ओढून घेतला, एवढंच. मी वाट बघत होतो की आता मला काही होईल. झालं नाही. कुणीतरी अनोळखी माणूस चांगला गातो आहे, असं वाटलं.

दुपारी पुतणी नागपूरहून आली. मी तिला सगळं सांगितलं आणि गाणं लावलं. पहिल्या कडव्यातच तिनं हात वर केला.

"हा बाबाचा आवाज नाई," ती म्हणाली.

वहिनी तिच्याकडं बघत राहिली. तिला कुठला दिवस आठवला असेल ते मला कळलं.

"काका, जसं होतं तसंच ठेवा ना," पुतणी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "माझ्याजवळ त्यांचं दुसरं काहीच नाई. फोटोत ते हलत नाईत. हाच आवाज आयकून मी मोठी झाली. आता तुम्ही म्हणता, तो त्यांचा नाईच. मग हा कोणाचा? आईले तरी कसं मालूम, तीस वर्षांनी?"

प्रश्न बरोबर होता. पेटी ही वस्तू आहे, पट्टी हे गणित आहे, आणि बाप गणितानं सिद्ध करून हातात देता येत नाही. ती म्हणत होती तसं मी जुनंच ठेवलं असतं. मनाशी मी ठरवलंही होतं: लेकीनं बाप मागितला, तिला तिचा द्यावा. वहिनीला तिचा वेगळा देऊ. दोन दादा करू. मी खरोखरच तसं म्हणणार होतो.

वहिनी म्हणाली, "गाण्याच्या आधीचं लावा, भाऊजी. त्यात आम्ही बोललो होतो."

गाण्याच्या आधीचं म्हणजे मी न ऐकता कापलेला तो तुकडा. मूळ प्रत होती, म्हणून तो होता. त्यालाही उतरवलेला वेग दिला आणि लावला.

खरखर आली. पोतं सरकवल्याचा आवाज. खोकला. मग एक माणूस म्हणाला, "अबे, जनरेटर आयकू येऊन राह्यला. रेस अजून कमी कर." दुसरा जवळून म्हणाला, "केली. काटा बरोबर हाये, दादा, काही टेन्शन नाई."

पुतणी एकदम माझ्याकडं वळली. "काका, हे तर तुम्ही."

मीच होतो. तोच नाकातला, जरा वसकन येणारा आवाज, ज्याच्यावरून बायको मला रोज बोलते. चोवीस वर्षांचा, पण मीच. जुन्या वेगात लावून दाखवला तर एखादं कोवळं पोरगं बोलतं आहे असं वाटत होतं. पुतणीनं मला पुन्हा उतरवलेल्या वेगात लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मी खरा असेन तर माझ्याशी बोलणारा तो दुसरा माणूसही खरा होता. हे तिला कुणी समजावलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं आणि ती खाली आईशेजारी जाऊन बसली.

रेस कमी कर, असं दादा स्वतः म्हणाला होता. ते मी साफ विसरलो होतो. म्हणून चूक त्याची होत नाही. काटा मी बघत होतो. पण तो माझ्याशी बोलला होता, आणि मी त्याला टेन्शन घेऊ नको म्हणालो होतो, आणि तीन आठवड्यांनी तो गेला होता. हे एवढं सगळं मला एकदमच समजलं, जणू आत्ता कुणी सांगत आलं होतं. मी माउसवर हात ठेवून बसून राहिलो.

तुकडा अजून संपला नव्हता. खरखरीत दादा दोन पावलं चालला, माइकपासून लांब गेला आणि मऊ आवाजात, आमच्यापैकी कुणाशी तो कधी बोलला नसेल इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "सूर दे वो."

वहिनीनं भाता ओढला आणि काळी एक दाबली.

फितीतली पेटी आणि खोलीतली पेटी एकाच वेळी सुरू झाल्या. मी कान देऊन बघितलं, माझं कामच ते आहे. कुठं चीर नव्हती. कोणती कोणती ते मला सांगता आलं नसतं. मग दादा गायला लागला आणि मी तोंड भिंतीकडं केलं, कारण मला रडू येत होतं आणि तिथं दोघी होत्या.

गाणं संपलं. फितीतली पेटी थांबली. वहिनीचं बोट पट्टीवरच होतं, सूर चालू होता. पुतणीनं हात पुढं करून आईच्या हाताखालचा भाता आपल्याकडं घेतला आणि ती तो हलवत राहिली.